गुंज, मिलिग्रॅम आणि डिप्रेशनची गोळी : त्रास कसा सोसावा, गोळी कशी सोडावी

मी नागपुरात इतवारीच्या सराफ्यात कारीगर आहे. बत्तीस वर्षं झाली ठिय्यावर बसून. वाट्या, पोत, ठुशी, जे येईल ते करतो. २०२१ च्या उन्हाळ्यात धाकटा भाऊ गेला. दसऱ्याच्या सुमारास मला डिप्रेशनची गोळी सुरू झाली आणि २०२५ च्या आषाढीला शेवटचा तुकडा घेतला. मधल्या काळात एकदा गोळी मूर्खासारखी सोडली आणि एकदा नीट सोडली. दोन्ही वेळा काय झालं ते सांगतो, म्हणजे तुमची निदान माझ्यासारखी फजिती होणार नाही.

माझी गोळी एस्सिटालोप्रॅम, १० मिलिग्रॅम, दिवसाला एक. तुमची सर्ट्रालिन असेल, पॅरोक्सेटिन असेल, व्हेन्लाफॅक्सिन असेल. चाल थोडीफार बदलते, पण घराणं जवळचंच. मी डॉक्टर नाही. डोस कमी-जास्त करायचा तो तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. माझंही प्रत्येक पाऊल धंतोलीतल्या माझ्या डॉक्टरांनी पाहिलं होतं. पहिल्या वेळचं सोडून, आणि तीच तर गंमत आहे.

पहिले पंधरा दिवस

या औषधाचा हिशेब आमच्या धंद्याच्या उलटा. आमच्याकडे डाग, म्हणजे दागिना, आधी हातात येतो, घडणावळ मागून. इथे घडणावळ आधी मोजायची. मळमळ, डोकेदुखी, ढाळ, झोपेची वाट लागणं हे पहिल्या दोन-चार दिवसांत हजर. मन थोडं वर यायला दोन ते चार आठवडे, कोणाला सहासुद्धा. बरेच लोक याच मधल्या फटीत गोळी फेकतात आणि "मला सूट झाली नाही" म्हणतात.

मळमळीचं कारण डॉक्टरांनी समजावलं तेव्हा मला धीर आला. ही गोळी ज्या सेरोटोनिनवर काम करते, त्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास डोक्यात नसतंच, आतड्यात असतं. मग पोट कुरकुर करणारच. मी पहिले तीन दिवस सकाळी उपाशीपोटी गोळी घेत होतो आणि वर दुकानाखाली उभा राहून तर्री-पोहे. तिसऱ्या दिवशी गल्लीतच ओकलो. मग गोळी जेवणानंतर, पंधरा दिवस तर्री बंद, पोहे कोरडे, दुपारी ताक-भात. आठव्या दिवशी पोट शांत. आल्याचा तुकडा मीठ लावून चघळत होतो, त्यानेही बरं वाटे.

गोळीची वेळ तुमची तुम्हाला शोधावी लागते. रात्री घेतली तर मी दोन वाजेपर्यंत छताचा पंखा मोजत बसे, म्हणून नाश्त्यानंतरची केली. माझ्या ओळखीतल्या एकाला नेमकी उलटी तऱ्हा, गोळी घेतली की गुंगी, त्याला रात्रीची जमली. वेळ बदलायची तर डॉक्टरांना फोन करून बदला. पण एकदा ठरली की रोज तीच.

हात कापायचे. सोनाराचा हात कापणं म्हणजे स्वयंपाकिणीला चवच न कळणं. बारीक तार चिमट्यात धरली की तिचं टोक थरथरे. मालकाला सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढला. दहा दिवस फक्त पॉलिश आणि तार ओढण्याचं काम घेतलं, टाका लावायचं, म्हणजे झाळायचं, काम दुसऱ्याला दिलं. चहा पाचावरून दोनवर आणला. तिसऱ्या आठवड्यात हात जागेवर आला.

आता हे नीट वाचा, कारण इथे थांबून वाट पाहायची नसते. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस वाढवला-घटवला की त्या दिवसांत काहींना आतून उकळी फुटल्यासारखी बेचैनी होते, बसवत नाही, उभं राहवत नाही, आणि जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात. पंचवीस वर्षांच्या आतल्या पोरापोरींमध्ये हा धोका जास्त. तसं झालं तर "होईल कमी" म्हणत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, माणसाला एकटं ठेवू नका. रात्री-बेरात्री कोणी नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतूनही बोलतात. ताप, अंग ताठ होणं, स्नायू फडफडणं आणि बरळणं हे सगळं एकदम आलं तर सरळ इमर्जन्सी. आणि उलटं, चार रात्री झोप नाही तरी माणूस राजासारखा फिरून राहिला, पैसे उधळून राहिला, तर तेही सांगा. तो बरा झालेला नसतो, पारडं दुसरीकडे झुकलेलं असतं.

घाम, जांभई आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही

जांभई हा या गोळीचा साइड इफेक्ट आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. झोप झालेली असे तरी गिऱ्हाईकासमोर एकामागे एक जांभया. आणि घाम! नागपूरचा मे, ४५ अंश, पुढ्यात शेगडी, आणि वरून ही गोळी. बनियन दिवसातून तीनदा बदलत होतो. उपाय साधेच. सुती कपडे, कूलरचा झोत पाठीवर, पन्हं, ताक.

पण पाण्याबद्दल एक गोष्ट महत्त्वाची. मला बीपी आहे आणि माझ्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे. अशी गोळी आणि डिप्रेशनची गोळी एकत्र आली की रक्तातलं सोडियम उतरू शकतं. वय झालेल्या माणसांत जास्त. मग माणूस गोंधळतो, तोल जातो, डोकं दुखतं, आणि घरचे म्हणतात ऊन लागलं. डॉक्टरांनी माझी सोडियमची तपासणी पहिल्या महिन्यातच करून घेतली. घरात साठीच्या वरचं कोणी ही गोळी घेत असेल तर डॉक्टरांना याबद्दल तुम्हीच विचारा.

तोंड कोरडं पडायचं, त्यासाठी खिशात बडीशेप. दात रात्री करकरायचे, सकाळी जबडा दुखे. दातांच्या डॉक्टरला औषधाचं नाव सांगा, त्यांना हे माहीत असतं.

मान मोडून काम केल्यावर मी वर्षानुवर्षं मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून खात आलो. (बाहेरगावच्या वाचकांसाठी : नागपुरात मेडिकल म्हणजे कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान, आणि मेडिकल म्हणजे मेडिकल चौकातलं सरकारी हॉस्पिटलही. इथे दुकान.) आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांच्यासोबत ही गोळी पोटात रक्तस्राव वाढवू शकते. शौच डांबरासारखी काळी झाली तर वाट पाहत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचे. ट्रॅमाडॉल तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. खोकल्याच्या काही औषधांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फनही या गोळीशी जमत नाही. मी पाकिटात चिठ्ठी ठेवली होती, दोन्ही गोळ्यांची नावं मोठ्या अक्षरात. कुठल्याही दवाखान्यात आधी ती पुढे करायची.

आता ती गोष्ट. गोळीनंतर तीन-चार महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की बायकोजवळ जावंसं वाटत नाही, आणि गेलो तरी गाडी स्टेशनात लागतच नाही. मला वाटलं, वय झालं. तिला वाटलं, मन उडालं. दोघं सहा महिने गप्प. शेवटी तिनेच डॉक्टरांसमोर विषय काढला, मी खाली मान घालून फरशी पाहत होतो. डॉक्टर म्हणाले, पुष्कळ जणांना होतं, बायांनाही होतं, सांगत कोणी नाही. उपाय असतात. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, सोबत दुसरं देता येतं. माझा डोस मधल्या काळात १५ झाला होता, तो परत १० वर आणला, पुष्कळ फरक पडला. नवराबायकोंनी हे सहा महिने वाया घालवू नयेत एवढ्यासाठी लिहिलं, नाहीतर आमच्या घरात हे कागदावर यायचं नव्हतं.

दिवाळी २०२२ : मूर्खपणा

मला बरं वाटत होतं. धनत्रयोदशीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे सराफ्यात श्वास घ्यायला फुरसत नाही. स्ट्रिप संपली. आणू उद्या, आणू उद्या करता करता दोन दिवस गेले, आणि मग मीच मनाशी म्हटलं, कशाला आता? दोन दिवस काही झालं नाही म्हणजे गरजच नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका नथीला टाका लावत होतो. फुंकणी तोंडात, नजर ज्योतीवर. चिमटा घ्यायला डोळे बाजूला वळवले आणि डोक्यात झर्र करून करंट गेला. दुखलं नाही. विजेच्या खांबाला ओलं बोट लागावं तसं, डोळ्यांच्या मागून मानेपर्यंत, अर्ध्या क्षणात संपलं. मी हलायचा थांबलो. पुन्हा डोळे वळवले, पुन्हा झर्र. नथ वितळली.

मग सुरू झालं. जिना उतरताना पायऱ्या लाटेसारख्या. अंगात ताप नाही पण फ्लू झाल्यासारखं. रात्री रंगीत, भयंकर स्वप्नं. आणि चिडचिड! बायको म्हणे, "अहो, काहून इतके चिडून राहिले तुम्ही? कोणी काही बोललं का?" पाचव्या दिवशी मला वाटलं, लकव्याचा झटका येऊन राहिला. मुलाने एका दवाखान्यात नेलं. डोक्याचा फोटो काढला, साडेतीन हजार गेले, फोटो स्वच्छ. चक्करची गोळी देऊन घरी पाठवलं. कोणती औषधं घेता, किंवा कोणती बंद केली, हे तिथे एकानेही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. माझ्या डोक्यात ते आलंच नाही. मनाची गोळी आणि डोक्यातला करंट यांचा संबंध कोण लावणार?

भाऊबीजेनंतर माझ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोळी बंद केली का?" गोळी पुन्हा सुरू केली, दोन दिवसांत करंट गेला.

असं का होतं

डॉक्टरांनी मला सोन्याच्या भाषेत सांगितलं नाही, ते मी माझं करून घेतलं. मूळ गोष्ट अशी : मेंदूने या औषधाच्या हिशेबाने आपली घडी बसवलेली असते. औषध एकाएकी काढलं की ती घडी मोडते आणि नवी बसायला वेळ लागतो. हे व्यसन नाही. कोणी गोळीची चटक लागून डोस वाढवत जात नाही. पण शरीराला सवय झालेली असते, हे खरं.

कोणती गोळी किती लवकर उतरते यावर पुष्कळ अवलंबून. एस्सिटालोप्रॅम साधारण तीस तासांत रक्तात निम्मं होतं. व्हेन्लाफॅक्सिन पाच-सहा तासांतच, म्हणून त्याचा एक डोस चुकला तरी काहींना त्याच दिवशी कळतं. पॅरोक्सेटिनही सोडायला अवघड म्हणून बदनाम आहे. फ्लुऑक्सेटिन उतरायला आठवडे घेतं, म्हणून ते सोडणं बहुतेकांना सोपं जातं, आणि कधी कधी डॉक्टर दुसरी गोळी सोडवण्यासाठी आधी त्याच्यावर नेतात.

घाबरवायचं नाही म्हणून आकडाही सांगतो. २०२४ साली लॅन्सेट सायकिअट्री या मासिकात बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब छापून आला. औषध बंद केल्यावर साधारण ३१ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला. पण नुसती औषध नसलेली गोळी बंद केली त्यांच्यातही १७ टक्क्यांना झाला. जोराचा त्रास साधारण ३ टक्क्यांना. म्हणजे बहुतेकांची गोळी फारसं काही न होता सुटते. त्रास झालाच तर बऱ्याच जणांचा एक-दोन आठवड्यांत जातो, काहींचा महिने रेंगाळतो. मी त्या रेंगाळणाऱ्यांतला.

गुंजेचा हिशेब

आता मुख्य काम. पण त्याआधी दोन गोष्टी पाहा.

एक, सोडायची वेळ झाली आहे का? बरं वाटायला लागल्यावर निदान सहा महिने तरी गोळी चालू ठेवतात, आजार पूर्वी येऊन गेला असेल तर आणखी जास्त. हे डॉक्टर ठरवतील.

दोन, स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. गोळीच्या नावाला "प्लस", "फोर्ट" असं शेपूट असेल तर आत बहुधा दुसरं औषध आहे, आणि आपल्याकडे ते पुष्कळदा क्लोनाझेपॅम असतं. ते एकदम सोडलं तर फिट येऊ शकते. त्याची उतरण वेगळी, हिशेब वेगळा. माझ्या शेजारच्या काकूंना तीन वर्षं आपण दोन औषधं घेतो हे माहीतच नव्हतं.

मी डॉक्टरांना म्हटलं, दहाची पाच करतो, महिन्याने बंद करतो. ते म्हणाले, तिथेच लोक पडतात. त्यांनी कागदावर जिना काढला. मेंदूतल्या ज्या जागेवर ही गोळी बसते, ती १० मिलिग्रॅमवर साधारण ८० टक्के व्यापलेली असते. डोस निम्मा, ५ केला, तरी ७० च्या आसपास. अडीचवर साठच्या जवळ. सव्वावर चाळीसच्या थोडं वर. म्हणजे दहावरून पाचवर येणं ही एक छोटी पायरी, आणि पाचवरून शून्यावर येणं म्हणजे सगळा जिना सोडून गच्चीवरून उडी. २०१९ पासून डॉक्टरलोकांत याची बरीच चर्चा झाली आहे, आणि ब्रिटनच्या मनोविकारतज्ज्ञांचं रॉयल कॉलेजही आता असंच सांगतं : जसजसा डोस लहान होईल तसतसा तुकडा आणखी लहान पाडा.

एक दिवसाआड गोळी हा देशी उपाय पुष्कळ जण करतात. मला तो पटला नाही, डॉक्टरांनाही नाही. दोन दिवसांत औषध तिसऱ्या हिश्श्यावर येतं, मग पुन्हा चढतं. मेंदूला रोज झोका. रोजचा डोस लहान, पण रोज.

माझ्याकडे एक सोय होती जी तुमच्याकडे नसेल, काटा. सराफाचा काटा एक मिलिग्रॅमपर्यंत मोजतो. पहिल्यांदा गोळी ठेवली तेव्हा मी हसलो. डब्यावर १० मिलिग्रॅम लिहिलेलं, काट्यावर १२२. उरलेला सगळा भराव, जसा लाखेच्या डागात लाखेचा असतो. आणि १२२ मिलिग्रॅम म्हणजे काय? जुन्या मापात तोळ्याच्या ९६ गुंजा, एक गुंज साधारण १२१ मिलिग्रॅम. माझी गोळी म्हणजे एक गुंज! माझे वडील गुंजांवर सोनं तोलत. इतकी वर्षं मी रोज सकाळी एक गुंज गिळत होतो.

तोलायचं तर हे सांभाळा. दुकानाच्या काट्यावर टाकणखार असतो, सोन्याची भुकटी असते, जुन्या कामातलं केडीएम, म्हणजे टाक्याचं मिश्रण, असू शकतं, आणि त्यात कॅडमियम, विष आहे ते. मी काटा घरी आणला, स्पिरिटने पुसला, वर बटर पेपरचा तुकडा ठेवून शून्य केला, पाते आणि चिमटा नवे घेतले. रस्त्यावर मिळणारे खिशातले काटे दहा-दहा मिलिग्रॅमच्या उडीने चालतात, या कामाचे नाहीत. गोळी एकाच कंपनीची ठेवा. कंपनी बदलली की भराव बदलतो, पूर्ण गोळीचं वजन पुन्हा करा. एका वेळी तीन-चार दिवसांचेच तुकडे पाडा, पावसाळ्यात ते ओल धरतात. आणि डोस अडीचच्या खाली गेला तेव्हा डॉक्टरांनी पाचची गोळी लिहून दिली. तिच्यात औषधाच्या मानाने भराव जास्त, त्यामुळे तुकडा मोठा येतो आणि तोलायला चुकत नाही.

ज्यांच्याकडे काटा नाही त्यांनी खट्टू होऊ नये. मेडिकलमध्ये गोळी कापायचं लहान यंत्र मिळतं, पाचच्या गोळीची चतकोर सव्वा होते, पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं. काही औषधं पातळ स्वरूपात मिळतात, डॉक्टरांना विचारा. मात्र हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या आणि कॅप्सूल, म्हणजे व्हेन्लाफॅक्सिन, डेसव्हेन्लाफॅक्सिन, ड्युलॉक्सेटिन, यांना पातं लावायचं नाही. त्यांचा उतार डॉक्टर वेगळ्या रीतीने बांधतात.

आषाढी ते आषाढी

मुहूर्त मी धंद्यावरून काढला. आषाढीनंतर चातुर्मास, लग्नं नाहीत, सराफा थंड. २०२४ च्या आषाढी एकादशीला १० ची साडेसात केली, काट्यावर ९२. काही झालं नाही. ऑगस्टच्या शेवटी ५. पाचव्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक.

नागपूरकरांना सांगायला नको, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काय असतं. काळी आणि पिवळी मारबत, बडगे, ढोल, गल्लीत मुंगी शिरायला जागा नाही. दरवर्षी मी दुकानाच्या ओट्यावर उभा राहून "घेऊन जा गे मारबत" ओरडतो. त्या वर्षी ढोलाचा प्रत्येक ठोका कवटीच्या आत पडू लागला. गर्दीतला प्रत्येक रंग टोचू लागला. आवाज असह्य होणं हाही उतरणीचाच त्रास, पण तेव्हा ते आठवायला डोकं कुठे होतं? मी आतल्या खोलीत, तिजोरीजवळ, कानात कापूस घालून तासभर बसलो. पोरगा पाणी घेऊन आला, काही बोलला नाही, दार ओढून बाहेर बसला. त्या दिवशी मला याहून जास्त काही नको होतं. घरच्यांनी एवढंच शिकावं.

पितृपक्षात तर सोन्याला कोणी हात लावत नाही, तेव्हा पावणेचार. मग दसरा ते दिवाळी जिथे आहे तिथेच थांबलो. हा नियमच करा : सण, लग्न, परीक्षा, घर बदलणं, घरात दुखणं, या काळात डोस कमी करायचा नाही. थांबल्याने काही बिघडत नाही. तुळशीच्या लग्नाआधी अडीच. जानेवारीत पावणेदोनच्या आसपास, फेब्रुवारीत सव्वा. मार्चमध्ये सव्वाची एकदम निम्मी केली आणि सपाटून आपटलो. करंट परत आला, रडू येई, पहाटे साडेतीनला जाग. डॉक्टरांनी परत सव्वावर नेलं, महिनाभर तिथेच ठेवलं. मला हरल्यासारखं वाटलं होतं. ते म्हणाले, "पायरी उंच पडली, मधे एक पायरी टाकू." मग सव्वाची ०.९, पुढे ०.६. ४५ अंशाच्या मे महिन्यात हातच लावला नाही. जूनमध्ये ०.३, आणि ६ जुलैला, आषाढीला, शेवटचा कण. तो तुकडा चिमट्यात धरला तेव्हा श्वास रोखावा लागला, फुंकरीने उडाला असता.

करंट असेपर्यंत स्कूटर बंद ठेवली. वैष्णोदेवी चौकातून मेट्रो, चितार ओळीला उतरून पायी. मान झटकन वळवायची नाही, आधी अंग वळवायचं मग डोळे. टाका लावायची कामं सकाळी. दारू मी पीत नाही, पिणाऱ्यांनी या काळात दूर राहिलेलं बरं. रात्री कोमट पाण्याने अंघोळ, झोपायची वेळ एकच. जादू कशातच नाही, पण दिवस ढकलता येतो.

जुना आजार परतला की गोळीची उतरण?

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो आणि इथेच लोक चुकून पुन्हा पाच वर्षं गोळी घेतात, किंवा उलट, आजार परतला असताना "उतरण आहे" म्हणत बसतात.

माझ्या बायकोने कालनिर्णयवर नोंद ठेवली. जिथे दुधाचा हिशेब लिहितात त्याच चौकोनात. डोस बदलला त्या दिवशी गोल. पुढे रोज एक अक्षर : क म्हणजे करंट, च म्हणजे चक्कर, झ झोप नाही, र रडू. महिन्याने कॅलेंडर पाहिलं की चित्र दिसे. गोल काढल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशी अक्षरं सुरू, दहा-बारा दिवसांत विरळ. ही उतरण. ती डोस बदलल्याच्या मागोमाग येते, तिच्यात शरीराचे नवेच चाळे असतात, करंट, तोल जाणं, जे मूळ आजारात कधी नव्हते, आणि डोस थोडा वाढवला की एक-दोन दिवसांत निवळते.

आजार चोरपावलांनी येतो, आठवड्यांनी, महिन्यांनी, आणि जुनेच कपडे घालून येतो. माझी खूण ठरलेली आहे. मी कामावरचा चहा अर्धा ठेवायला लागतो. भाऊ गेल्यावर चार महिने माझा चहा रोज अर्धा परत जात होता, मला माहीतही नव्हतं, चहावाल्या पोराने सांगितलं. तुमची खूण कोणती, ती घरच्यांना विचारून आधीच लिहून ठेवा. आणि ती दिसली तर गोळी पुन्हा सुरू करण्यात कमीपणा नाही. आमच्या शहरात छिंदवाडा रोडवरच्या मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला लोक अजून ज्या नावाने हाक मारतात, त्या नावाच्या धास्तीने मी भाऊ गेल्यावरचे ते चार महिने डॉक्टरांकडे गेलो नव्हतो. ते चार महिने मला परत मिळाले तर हवे आहेत.

शेवटचा कण घेतल्यावर डॉक्टरांनी आधी दर महिन्याला, मग तीन महिन्यांनी बोलावलं. गोळी नाही तरी फी घेतात, असं मुलगा म्हणाला. मी म्हटलं, दागिना झाल्यावर हॉलमार्कला पाठवतोच ना?

उरलेल्या साडेसहा गोळ्या चहाच्या चोथ्यात कालवून पिशवीत बांधल्या आणि कचरागाडीत दिल्या. स्वयंपाकघराचा ओटा मात्र बायकोने तीनदा पुसला, फटीत टाचणी फिरवून. दुकानात आम्ही सोन्याच्या कणासाठी असंच झाडतो आणि ती झाडण झारेकऱ्याला विकतो. नात रांगायला लागली आहे, जमिनीवरचं दिसेल ते तोंडात घालते.